फटफटीच्या खोलीतलं ऑफिस

२ मार्च २०२५, रविवार

आज कंपनीचा फोन आला. धम्मदीपना काढणार नाहीत. आता गावोगाव फिरून बियाणं दाखवणं जमणार नाही, पण घरी बसून फोनवर शेतकऱ्यांना सल्ला द्यायचं काम देतो म्हणाले. कपाशीचा हंगाम पाहू, मग कायम करू. घरात नीट बसायची जागा मात्र हवी. व्हिडिओवर मिटिंगा होतात. मागे खाट, औषधाच्या बाटल्या, दोरीवरचे कपडे दिसायला नकोत.

फोन ठेवून ते छताकडं पाहत पडून राहिले. मग म्हणाले, "प्रीती, माह्या मांगं काय दिसते वं आता?"

मी वळून पाहिलं. खाट, लघवीची पिशवी, आईंचं लुगडं. मी म्हटलं, "काईच नाई. भिंत दिसते."

ऑक्टोबरात इचोड्याहून येताना ट्रकनं उडवलं तेव्हापासून कमरेखाली त्यांना काहीच कळत नाही, चिमटा काढला तरी नाही. नागपूरहून घरी आणलं आणि जानेवारीत माकडहाडावर जखम झाली. महिनाभर पालथं झोपवावं लागलं. त्या महिन्यात ते भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि माझ्याशी, आईंशी, कोणाशीच बोलायचे नाहीत. नागपूरच्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ पाठ, माकडहाड, टाचा पाहायच्या. लाल दिसलं की त्या जागेवर बसवायचं नाही, त्यांना कळणार नाही, तुम्हालाच पाहावं लागेल. मी रोज पाहते. आता सगळं साफ आहे.

आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून आरसा मागितला आणि दाढी केली.

५ मार्च, बुधवार

ऑफिस कुठं करायचं यावरून दोन दिवस घोळ चालला होता. समोरच्या खोलीत येणारे-जाणारे. मधल्या खोलीत उजेड नाही. शेवटी मीच भीत भीत म्हटलं, "फटफटीची खोली?"

रस्त्याकडची ती लहान खोली त्यांनी गाडी ठेवायला बांधून घेतली होती. दार रुंद, उंबरा नाही, बाहेर उतार. चाकाची खुर्ची सरळ आत जाते. गाडी इचोड्याच्या पोलीस ठाण्यात मोडून पडली आहे आणि तेव्हापासून खोलीला कुलूपच होतं.

त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवली. मला वाटलं, चुकलंच आपलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "फरशीवर ऑइलचे डाग असतीन. सोड्यानं निघते."

आईंना पसंत नाही. "त्याले ओट्यावर बसू दे ना वं. जानारा-येनारा दोन शब्द बोलते. खोलीत काऊन कोंडून ठेवतं त्याले?"

मी म्हटलं, "आई, कोंडत नाई, ऑफिस हाये ते." आईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात काम केलं. बंद दाराच्या आत बसून काम होतं हे त्यांना पटत नाही.

खरं लिहायचं तर मलाही ही खोली हवी आहे. समोरच्या खोलीतली खाट मला सहन होत नाही. शाळेतून आल्या आल्या ती दिसते.

१६ मार्च, रविवार

चंपत सुतार येऊन गेला. मी कागदावर सगळं काढून ठेवलं होतं. टेबलाखाली मोकळं हवं, म्हणजे गुडघे आत जातील. पाय टेबलाच्या अगदी कडेला. फळ्या बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्याच उंच. बटणं आणि प्लग टेबलाच्या वर, खाली वाकावं लागू नये. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट स्क्रीनवर येईल, म्हणून टेबल उत्तरेच्या भिंतीला.

धम्मदीप खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मध्येच म्हणाले, "खिडकी डाव्या हाताले राहू दे. रस्ता दिसला पायजे."

तेवढं एकच मागणं.

२३ मार्च, रविवार

चंपतनं टेबलाला खण ठोकलाच. गुडघे अडकतात. "बाई, खणाबिगर टेबल शोभत नाई," म्हणतो. काढायला लावला. लाकडाला भोकं राहिली, ती बुजवली. मी फार ओरडले त्याच्यावर. शाळेतल्या पोरांवरही एवढी ओरडत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज भीमजयंती. सकाळी निळ्या झेंड्याखाली वंदना झाली आणि दुपारी आमचं ऑफिस सुरू झालं. भिंतीला फिकट पिवळा रंग, कारण पांढरा दवाखान्यासारखा दिसतो. वर बाबासाहेबांचा फोटो. खिडकीला हातमागाचा पडदा, इन्व्हर्टर, आदिलाबादहून ओढलेलं नेट. फळीवर बियाण्याच्या डब्या ओळीनं. मी सगळ्या बाजूंनी खोली पाहिली. मग कॅमेरा लावून त्यांच्या मागं काय दिसतं तेही पाहिलं. भिंत, पुस्तकं, एक हिरवं झाड. कोणाच्याही ऑफिसात असतं तसं.

वस्तीतली माणसं पाहून गेली. शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "कलेक्टरचं वाटते." आई दारातच उभ्या होत्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "पाय मळके हायेत." मग हळूच आत येऊन टेबलावरून हात फिरवला आणि मुलाच्या डोक्यावरूनही.

ते शर्ट इन करून बसले होते. मी कितीतरी महिन्यांनी त्यांना असं पाहिलं. उंच माणूस आहे हे विसरूनच गेले होते.

२२ एप्रिल, मंगळवार

शाळेला परवापासून सुट्टी लागणार. आज घरी थोडी लवकर आले तर बाहेरूनच त्यांचा आवाज ऐकू आला. मोठा, मोकळा, शिवारात बोलायचे तसा. "दादा, पान वरून पाहू नोका. उलटं करा, खालच्या बाजूनं पाहा. भाजीवर येते ना, तीच पांढरी माशी, खाली लपून बसते थे." मग लगेच दुसरा फोन, तेलुगूत, "चेप्पंडी अन्ना, सांगा, ऐकून राह्यलो मी."

मी दारात उभी राहून ऐकत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि हसले. लग्नाआधी बौद्धविहारात पहिल्यांदा हसले होते, तसं.

४ मे, रविवार

काल नवीन खुर्ची आली. आदिलाबादहून मीच निवडून आणली. काळी, उंच पाठीची, जाड गुबगुबीत, चाकांवर फिरणारी. चाकाची खुर्ची व्हिडिओत दिसायची. हँडल खांद्यामागून वर यायचं. हैदराबादच्या ऑफिसातली नेहा म्हणून मुलगी आहे, तिनं मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "दीपसाब, अभी भी व्हीलचेअर?" वाईट मनानं नसेल विचारलं. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दवाखान्यातून दिलेली हवेची रबरी गादी या खुर्चीत बसत नाही, घसरते. काढून ठेवली. या खुर्चीला स्वतःचाच केवढा फोम आहे! मी बसून पाहिलं, उठावंसं वाटत नव्हतं.

जुन्या खुर्चीत ते थोड्या थोड्या वेळानं दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचे, नर्सबाईंनी शिकवलं तसं. इथं हात टेकायच्या जागा मऊ आहेत, जोर येत नाही. आणि मिटिंग चालू असताना असं वर-खाली होणं बरंही दिसत नाही म्हणतात. पण आज सकाळी बसले ते थेट संध्याकाळी उठले. एकदाही आडवं व्हायचं म्हणाले नाहीत. जानेवारीतला माणूस आठवला आणि मला रडूच आलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. खीर केली.

आज एक नवीन गोष्ट. सकाळी मी नेहमीप्रमाणे पाठ पाहायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "आता माहं मी पाहीन. लांब दांड्याचा आरसा मागवला मी." मी म्हटलं, "दिसन का नीट?" तर म्हणाले, "प्रीती, दिवसभर लोकं मले साहेब म्हनतात. अन् सकाळी तू माहं ढुंगन तपासतं. सोड ना आता."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. खरंच की. मी नवऱ्याची नर्स होऊन बसले होते. आंघोळही ते आता आतून कडी लावून करतात. मी बाहेरून विचारते, "साफ हाये ना?" आतून आवाज येतो, "साफ हाये."

हे किती बरं वाटतं, कोणाला सांगू?

२८ मे, बुधवार

उकाडा भयंकर. त्यांनी दुकानातून कापूस, डेटॉल आणि पट्ट्या मागवल्या. दाढी करताना कापतं म्हणाले.

८ जून, रविवार

पेरणीचे दिवस. फोन सारखा खणखणतो. ते जेवणही टेबलावरच मागतात.

खोलीत वास येतो आहे. आधी मला वाटलं चंपतच्या पॉलिशचा, उन्हानं सुटला असेल. मग वाटलं पडदा कुबट झाला, धुतला. आज तर दारातच भपकारा आला. आई म्हणाल्या, "उंदीर मेला असन कुठं." मग मी आणि आईंनी सगळी खोली उपसली. फळ्यांमागं पाहिलं, इन्व्हर्टरखाली काठी घातली, बियाण्याच्या डब्या एकेक उघडल्या. धम्मदीप मध्ये खुर्चीत बसून होते, स्क्रीनकडं पाहत. आम्ही त्यांच्या चारही बाजूंनी शोधत होतो. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

उंदीर सापडला नाही. मागच्या भिंतीत वर एक झरोका पाडायचं ठरवलं. खोली बांधतानाच ते राहून गेलं होतं. दार बंद असलं की हवा खेळत नाही. बरं ऑफिस करायचं तर हवेचा विचार आधी करायला हवा होता.

१९ जून, गुरुवार

शाळा सुरू झाली. झरोका पडला, वास थोडा कमी वाटतो. त्यांनी उदबत्त्याही मागवल्या आहेत, दिवसभर जळत असतात. आमच्या घरी वंदनेशिवाय कधी लावत नाही.

कूलरचा झोत थेट अंगावर येतो बहुतेक. काल संध्याकाळी ते कुडकुडत होते, अंग गरम लागलं. कूलर खिडकीच्या पलीकडं हलवला. आज पुन्हा तेच. पाऊस पडून गेल्यावर कूलर नकोच, असं ठरवून बंदच केला. हंगाम संपला की दोन दिवस सुट्टी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "हो. हंगाम निघू दे."

बारीक झाले आहेत. बसून काम केलं की भूक लागत नसेल.

२७ जून, शुक्रवार

नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. घरून निघताना पर्समध्ये ही वही तशीच होती.

काल दुपारी शाळेत आईंचा फोन आला, "लवकर ये, तो भलतंच बोलून राह्यला." धावत आले. ते खुर्चीतच होते, कानाला फोन. शेतकऱ्याशी बोलत होते पण पलीकडं कोणीच नव्हतं. अंग भाजत होतं. मी आणि शेजारच्या दोघांनी उचललं तेव्हा खुर्चीचा काळा फोम ओला होता. पँट मागून भिजली होती. मी वास ओळखला.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच नागपूरला न्या म्हणाले. इथल्या डॉक्टरांनी मला आत बोलावून जखम दाखवली. हाड दिसतं. त्यांनी विचारलं, "घरात कोणी पाहत नव्हतं का?"

मी म्हटलं, "मी पाहत होते. आधी."

२ जुलै, बुधवार

आज ते शुद्धीवर आहेत. जखमेचं विष रक्तात गेलं आहे, मूत्रपिंडं नीट चालत नाहीत असं डॉक्टर सांगतात. मला थोडा वेळ आत सोडलं.

मी विचारलं, "कधी दिसलं तुमाले?"

"मे महिन्यातच. रुपयाएवढं होतं. लाल."

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

त्यांनी छताकडं पाहिलं. मग म्हणाले, "सांगतलं असतं तं तू पालथं टाकलं असतं. पुन्हा थे भिंत. महिना, दोन महिने. कंपनी कोनासाठी थांबते? मले वाटलं, हंगाम निघून जाईन, मंग सांगू."

"आमी उंदीर शोधत होतो. तुमी पाहत होते."

त्यांनी डोळे मिटले. "त्या खोलीत मी मानूस होतो, प्रीती. लोकं इचारत, मी सांगे. अन् तू शाळेतून आली का दारात उभी राहून पाहे माह्याकडं. जानेवारीत तू तशी पाहत नव्हती."

मला राग आला. एवढा राग मला कधी कोणाचा आला नव्हता. माझ्यासाठी लपवलं असं म्हणून ते माझ्या पदरात काय टाकत होते? त्यांचा हात माझ्या हातात होता, तो मी सोडला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. आईंनी विचारलं, काय म्हने? मी म्हटलं, काई नाई, थकले.

राग आता ओसरला आहे. उद्या सकाळी आत सोडतील तेव्हा बोलेन त्यांच्याशी. खुर्ची मी आणली होती. गादी मीच काढली होती. हे मीच आधी बोलायला हवं होतं.

५ जुलै, शनिवार

बोलणं झालं नाही. गुरुवारी सकाळी त्यांच्या तोंडात नळी घातलेली होती. काल दुपारी ते गेले.

आज गावी, बेल्याला आणलं. फोन माझ्याकडं होता आणि वाजत होता. शेवटी विमलबाईंच्या मुलानं बंद केला.

२४ ऑगस्ट, रविवार

कंपनीचा माणूस येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. नेहाचा फोन आला होता, ती रडली. मला तिच्यावर राग नाही. ती मुलगी आहे, तिला काय ठाऊक?

आई दुपारी त्या खोलीत जमिनीवर बसून तूर निवडतात. आता पाय मळके आहेत म्हणत नाहीत. मी आईंना सांगितलं होतं की ताप डोक्यात गेला. जखमेचं बोलले नव्हते. आज मी चहा घेऊन गेले तर सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "उंदीर नव्हता ना वं थो?"

मी म्हटलं, "नाई."

त्या तूर निवडत राहिल्या. मीही खाली बसले आणि सुपात हात घातला. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो होतो. निवडलेलीच तूर पुन्हा निवडत होतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी अमृतराव म्हणून गृहस्थ आले. बेल्याजवळच्याच गावचे. त्यांचा मुलगा कुलदीप विहिरीच्या बांधकामावरून पडला. याचंही कमरेखाली गेलं आहे. शिकलेला आहे, घरी बसून ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम करतो म्हणतो. कोणीतरी त्यांना सांगितलं, बेल्यात मास्तरीणबाईच्या घरी तसंच ऑफिस आहे, पाहून या.

त्यांना धम्मदीप गेल्याचं ठाऊक होतं. म्हणून फार संकोचून उभे होते. "बाई, तुमाले तरास होत असन तं जातो मी."

मी दार उघडून दिलं. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, फळ्यांना हात लावून पाहिला. "कसा इचार केला तुमी! पोरगं खूश होईन." मग खुर्चीकडं वळले. "अशी कुठं भेटते?"

मी त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्याची पाठ कोन पाहते?"

"मंजे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, मेपासून. ते ऐकत होते आणि त्यांच्या हातातलं पाणी तसंच होतं. शेवटी म्हणाले, "पोरगा बावीस वर्साचा हाये, बाई. मायले हात लावू देत नाई. मी कसा पाहू?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी मी येते.

२१ सप्टेंबर, रविवार

अमृतरावांनी गाडीवरून नेलं. दोन्ही बाजूंना कपाशी, बोंडं धरलेली.

कुलदीप खाटेवर होता. मला पाहून चादर गळ्यापर्यंत ओढली. त्याची आई म्हणाली, "बसा, च्या ठेवते," आणि चुलीकडं गेली. मी अमृतरावांना बाहेर पाठवलं आणि त्याच्याजवळ बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "माहा नवरा तुह्यासारखाच होता. त्यानं मले पाहू देलं नाई, अन् मी आयकलं त्याचं. तू राग कर माह्यावर, पन कूस बदल."

त्याचा चेहरा लाल झाला होता. मग भिंतीकडं तोंड करून त्यानं स्वतःच पायजम्याची नाडी सोडली.

मी त्याच्या आईला हाक मारली आणि मोबाईलचा उजेड धरायला सांगितला. माकडहाड पाहिलं. दोन्ही नितंब पाहिले, टाचा पाहिल्या, घोट्यांची हाडं पाहिली. बोटानं दाबून पाहिलं, लाल राहतं का. कुठंच काही नव्हतं. कातडी साफ होती. त्याच्या आईचं बोट धरून तिलाही एकेक जागा दाखवली.

चादर नीट केली. तशीच खाटेच्या कडेला बसून राहिले. कुलदीप भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "झालं का, बाई?"

मी म्हटलं, "झालं."

त्याची आई चुलीकडं गेली. चहाला अजून उकळी आली नव्हती.